पाठीवरची माती

मला निरोप द्यायला हलगी आणली होती. सातपूर गावठाणातल्या आमच्या तालमीपासून त्र्यंबक रोडपर्यंत पोरांनी मला खांद्यावर घेतलं. माझं वजन तेव्हा शंभराच्या बरंच वर होतं, त्यामुळे दर विजेच्या खांबापाशी खांदेकरी बदलत होते. खांदेकरी हा शब्द मी चुकून लिहिलेला नाही. पहिली पाळी नुकतीच सुटली होती. कंपनीतून मोटारसायकलींवर घरी निघालेली माणसं थांबून विचारत होती, कोण निवडून आला. कोणीतरी ओरडलं, "निवडून नाय, सोम्या इंग्लंडला चाललाय बॉक्सिंगला." डोक्यावरचा फेटा सारखा कानावर घसरत होता आणि मी एका हाताने फेटा, दुसऱ्या हाताने कोणाचं तरी डोकं धरून बसलो होतो.

रस्त्याला पांढरी गाडी उभी होती. काचा बंद, आत एसी चालू. मला नेणारे, तिकडे लढती लावून देणारे सर आत मोबाईल बघत बसले होते. त्या सगळ्या गर्दीत खाली न उतरलेला तेवढा एकच माणूस. तेव्हा मला वाटलं होतं, मोठा माणूस आहे, कामात असेल.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आखाड्याच्या हौदातली चिमूटभर लाल माती माझ्या कपाळाला लावली. ते त्या तालमीचे वस्ताद. दिवसभर कंपनीत प्रेस मशीनवर आणि पहाटे-संध्याकाळ हौदात, असं त्यांचं आयुष्य गेलं. ते म्हणाले, "पडलेल्याला उठवायचं, पाठीवरची माती झाडायची, मगच आखाड्याबाहेर यायचं. साहेबाच्या देशात गेला म्हणून विसरायचं नाय." आई म्हणाली, "पोटभर जेव. मागायला लाजू नको." जिंकून ये असं दोघंही म्हणाले नाहीत. ते दोघांनाही गृहीतच होतं.

हे सगळं मी आता, इतक्या वर्षांनी लिहितोय ते रडगाणं म्हणून नाही. राग आलाय म्हणून लिहितोय. तालमीतल्या पोरांनी वाचावं, आणि माझ्यासारखे जे कोणाच्या तरी बंद काचेच्या गाडीत बसून देशाबाहेर आले त्यांनीही वाचावं.

मी नववीत शाळा सोडली. कोणी काढलं नाही, मीच सोडली. बाकात मावत नव्हतो हे एक कारण, आणि गणित हे दुसरं. मग सातपूरच्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागलो. कुस्ती चालू होती, पण मी माती सोडून मॅटवर कधी रुळलो नाही. जत्रेतल्या कुस्त्या मारायचो, नारळ आणि फेटा घेऊन यायचो. तेवढ्यात इंदिरानगरला एका तळघरात बॉक्सिंगचा क्लास निघाला. वर्कशॉपमधला एक जण म्हणाला, चल बघून तरी येऊ. पहिल्याच दिवशी मी पिशवीला ठोसा मारला आणि पिशवीचा हूक छतातून खाली आला. क्लासवाल्याने मला रागवायच्या ऐवजी फोन काढला आणि कोणाला तरी व्हिडिओ पाठवला. तो व्हिडिओ फिरत फिरत सरांकडे पोहोचला.

सर आमच्या घरी आले, चहा घेतला, अण्णांच्या पाया पडले. पायाच पडले म्हटल्यावर अण्णा गारच. सर म्हणाले, "हेवीवेट मिळत नाही हो आपल्याकडे. मुलं चपळ आहेत, पण वजन कुठंय? हा तर देवाने दिलेला माणूस आहे." आमच्यातल्या कोणालाच तेव्हा हा प्रश्न पडला नाही, की ज्या देशात धिप्पाड माणसांची कमी नाही त्या देशाला सातपूरहून एक धिप्पाड माणूस कशाला लागतो.

उत्तर मला उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात, लेजर सेंटर नावाच्या हॉलमध्ये मिळालं. तिथे दिवसा पोरं बॅडमिंटन खेळतात आणि शनिवारी रिंग लावतात. ज्याच्या नावावर तिकिटं खपतात तो घरचा बॉक्सर. लाल कोपरा त्याचा. त्याचे मामा, काका, शाळेतले मित्र, सगळे तिकीट काढून आलेले असतात. त्यांना आपला पोरगा जिंकलेला बघायचा असतो. मग त्याच्यासमोर उभं राहायला कोणीतरी लागतं. दिसायला भक्कम, लढतीत कमी, आणि कुठून आला ते कोणाला माहीत नसलेला. तो निळा कोपरा. माझी सगळी कारकीर्द निळ्या कोपऱ्यात गेली.

मुद्दाम हर असं मला कधी कोणी सांगितलं नाही. तेवढं सांगायची गरजच नसते. गुरुवारी फोन यायचा, शनिवारी लढत. समोरच्याने दोन महिने तयारी केलेली असायची आणि मी दोन दिवसांपूर्वी गोदामात खोकी उचलत असायचो. लहान लढतीत गुण देणारा माणूस एकच असतो, तो आत रिंगमध्ये फिरणारा पंच. टाळ्या कोणाला पडतायत ते त्यालाही ऐकू येतं. सर निघताना एवढंच म्हणायचे, "टेन्शन घेऊ नको. उभा राहा, अनुभव घे, वेडेपणा करू नको." वेडेपणा म्हणजे जिंकणं, हे कळायला मला बरेच महिने लागले.

घरी मी फोनवर सांगायचो, "झाली लढत. चांगली झाली." अण्णा विचारायचे, "पाठ टेकली का?" मी म्हणायचो, "नाही टेकली." ते खरंच होतं. मला सहसा कोणी पाडलं नाही, गुणांवर हरवलं. कुस्तीत पाठ टेकली नाही म्हणजे हरला नाही. अण्णा फोन ठेवून तालमीत जायचे आणि पोरांना सांगायचे, सोम्या तिकडं अजून कोणाला हार गेलेला नाही. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. गुण, फेऱ्या, पंच, लाल, निळा हे सगळं फोनवर कसं समजावणार. आणि समजावून त्यांना मिळणार काय होतं?

या सगळ्यात एक माणूस बरा भेटला. मिक. तिथल्या एका जुन्या जिमचा ट्रेनर, सत्तरीचा, गुडघे गेलेले. सरांनी मला ज्या खोलीत ठेवलं होतं तिथे भिंतीला ओल होती आणि आम्ही सहा जण. मिकने एकदा येऊन बघितलं आणि माझी बॅग उचलून गाडीत टाकली. त्याच्या घराच्या गॅरेजवर एक खोली होती, ती मला दिली. त्याच्या बायकोने माझ्या आईचं वाक्य कधी ऐकलेलं नव्हतं, पण ताटात तिसऱ्यांदा बटाटे वाढताना ती त्याच अर्थाचं काहीतरी बोलायची. त्या दोघांचं ऋण माझ्यावर आहे. मी रागाने लिहितोय म्हणून कृतघ्न आहे असं कोणी समजू नये.

आता ती लढत. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती मोबाईलवर बघितली आहे, पण तुम्ही बघितलेला तुकडा अर्धाच आहे.

समोर डॅनी नावाचा पोरगा होता. उंच, देखणा, गावाचा लाडका. तिसऱ्या फेरीत तो मला दोरांवर दाबायला आला आणि त्याने डावा हात खाली सोडला. मी उजव्याने मारलं. विचार करून नाही, लेथवर हात जातो तसा गेला. डॅनी आधी बसला आणि मग सावकाश मागे कलंडला. दोन्ही खांदे, पूर्ण पाठ. त्याचे मामा-काका खुर्च्यांवरून उठून उभे राहिले.

बॉक्सिंगमध्ये अशा वेळी काय करायचं ते मला पाठ होतं. मिकने शंभरदा घोकून घेतलं होतं. समोरचा पडला की लांबच्या मोकळ्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. तू तिथे गेल्याशिवाय पंच आकडे मोजायला सुरुवात करत नाही. दहा होईपर्यंत तो उठला नाही की तू जिंकलास. एवढं सोपं. दहापर्यंत मोजता येणं आणि कोपऱ्यात उभं राहणं. नववीत शाळा सोडलेल्यालाही जमेल असं.

पण त्याची पाठ टेकली होती. माझ्या अंगाच्या हिशोबाने कुस्ती संपली होती. आणि कुस्ती संपल्यावर काय करायचं हे अंगाला मी सहा वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. मी वाकलो, त्याच्या काखेत हात घातला, त्याला उभा केला आणि त्याची पाठ झाडायला लागलो. पाठीवर माती नव्हतीच. नुसता घाम. तरी मी ग्लोव्हजने झाडत होतो. मग मान वर करून वस्ताद कुठे बसलेत ते शोधायला लागलो, जोडीने जाऊन नमस्कार करायचा म्हणून.

पंच माझ्या अंगावर धावून आला. हॉलमध्ये आधी कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. पंचाने मला कोपऱ्यात ढकललं, ताकीद दिली, आणि मग मी स्वतः उभ्या केलेल्या डॅनीसमोर आकडे मोजले. तोवर त्याच्या पायात जीव आला होता. घंटा झाली. चौथ्या, म्हणजे शेवटच्या फेरीत तो माझ्यापासून लांब लांब पळत राहिला आणि पंचाने त्याचा हात वर केला.

मिक हिसके देत माझे ग्लोव्हज सोडवत होता. दुसरा सोडवताना म्हणाला, "सोम, तू जिंकला होतास." तेवढंच. त्या हॉलमधला माझ्यावर रागावलेला एकमेव माणूस. म्हणून तो माझा.

कारण बाकी सगळ्यांना ते फार गोड वाटलं. कोणीतरी तो तुकडा काढून इंटरनेटवर टाकला. पडलेल्या गोऱ्या पोराला उठवून त्याची पाठ झाडणारा दांडगा हिंदुस्थानी. इकडच्या लोकांनी मला 'जेंटल जायंट' म्हटलं, आणि नाशिकमध्ये तर दिवाळीच. भारतीय संस्कार. मातीचे संस्कार. लढत हरला पण मनं जिंकली. कोणाच्या तरी वाढदिवसाच्या बॅनरवर त्या भाऊंच्या शेजारी माझा फोटो लागला. ज्यांनी आयुष्यात कधी अंगाला माती लावली नाही त्यांनी मला संस्कारांवरून टाळ्या दिल्या.

मला त्या टाळ्यांचा राग येतो. आजही येतो. ते संस्कार तालमीचे आहेत, आणि तालमीत ते दोघांनाही असतात. आज मी उठवतो, उद्या तू मला उठवतोस, वर वस्ताद बसलेला असतो. एकट्यानेच पाळायचा असेल तर तो संस्कार नाही, तो बावळटपणा आहे, आणि मला तिथे पाठवणाऱ्याला तो परवडत होता. त्या व्हिडिओनंतर मला लढती जास्त यायला लागल्या. पाडलं तरी उठवतो असा निळ्या कोपऱ्यातला माणूस कोणाला नको असतो?

पुढची वर्षं मी सांगत नाही, ती एकसारखीच आहेत. मग एकदा बॉक्सिंगच्या लायसन्ससाठी डोक्याचा स्कॅन काढला. डॉक्टरने स्क्रीनवर काहीतरी दाखवलं, मला ते पावसाळ्यातल्या ढगांच्या नकाशासारखं दिसलं. त्याने पुन्हा काढून बघू म्हटलं. सर फोनवर म्हणाले, दुसऱ्या देशात लायसन्स मिळतं, तिथे एवढं बघत नाहीत. मिकने माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. म्हणाला, "आता तुझा फोन मी उचलणार, आणि मी नाही म्हणणार." माझ्याकडे आज जेवढी शुद्ध आहे ती त्या म्हाताऱ्याची आहे.

तरी गेलेलं गेलंच. गॅस बंद केला का हे मी बायकोला, रेखाला, घराबाहेर पडल्यावर दोनदा विचारतो. कप उजव्या हातात धरला की बशीवर वाजतो. कधी एखादा साधा शब्द येतच नाही. परवा 'किल्ली' येईना. रेखा देवळालीची, तोंडाने फटकळ. ती म्हणते, "आठवत नसेल तर हाताने दाखव, पण तोंड एवढं करू नको. किल्लीच गेलीये, घर नाही गेलं." मी हसतो, आणि मग दिवसभर मनातल्या मनात वस्तूंची नावं घेत फिरतो.

आता मी म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये काम करतो. आंघोळ घालायची, भरवायचं, फिरवायचं. एवढा दांडगा गडी, उचलाउचलीला बरा, म्हणून घेतलं. आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे पडलेल्या माणसाला हाताने उचलायला बंदी आहे. हाड मोडलेलं असू शकतं, आपली कंबर जाऊ शकते. आधी विचारायचं कुठे दुखतंय, मग नर्स, मग उचलायचं मशीन. तोवर माणूस जमिनीवर तसाच.

डोरोथी नावाच्या एक आजी आहेत, चिमणीएवढ्या. त्या जेवणाच्या खोलीत पडल्या आणि मी दोन पावलांवर होतो. उचललं. दुसरं काही करताच येणार नव्हतं. खुर्चीत बसवलं आणि पाठ झाडली. मॅनेजरने मला लेखी ताकीद दिली. ताकीद वाचताना मला हसू आलं, कारण मजकूर जवळजवळ तोच होता जो पंच बोलला होता. नंतर आजी पुन्हा पडल्या, तेव्हा मी हात मागे बांधले आणि त्यांच्याशेजारी फरशीवर आडवा झालो. मशीन येईपर्यंत दोघं छताकडे बघत पडलो. आजी म्हणाल्या, "तुलाही कोणी पाडलं का?" मी म्हटलं, पुष्कळ जणांनी.

मागच्या वर्षी अण्णा मोरीत पडले. म्हातारे झाले तरी देह वस्तादाचा. आईला हलेनात. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि मी इथून ओरडत होतो, "उठवू नका. कोणी हात लावू नका. आधी कुठे दुखतंय ते विचारा." आईने फोन उचलला. तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बाप मोरीत पडलाय आणि उठवू नका म्हणतोस? हेच शिकला का तिकडं?" मग शेजारचे चौघं आले, त्यांनी अण्णांना उचललं आणि खाटेवर घेतलं. नशिबाने मोडलं काही नव्हतं. माझं बरोबर होतं, कोणत्याही डॉक्टरला विचारा. पण आई पंधरा दिवस माझ्याशी धड बोलली नाही, आणि मी तिच्या बाजूने होतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

गेल्या महिन्यात तालमीच्या ग्रुपवर एक फोटो आला. तालमीशेजारच्या चौकात भलंमोठं होर्डिंग. त्यावर मी, वाकून डॅनीला उठवताना. खाली लिहिलंय, 'मातीतून जगाच्या रिंगणात'. त्या खाली सरांची नवीन बॉक्सिंग अकादमी, परदेशी संधी, वजनदार मुलांना प्राधान्य. वजनदार मुलांना प्राधान्य. मी ते वाचून खुर्चीत बसलो. आमच्या तालमीतल्या तीन दांडग्या पोरांचे पासपोर्ट तयार होते आणि उद्घाटनाला मला बोलावणार होते. तिकीट त्यांचं, शाल त्यांची. सर्वांत वाईट हे की अण्णांनी पोरांना आशीर्वाद देऊन टाकला होता. पोराला नेलं, पोराचं भलं झालं, आता यांचंही होऊ दे. वस्तादाने हो म्हटल्यावर पोरांच्या घरचे कशाला अडवतील?

दोन दिवस मी जेवतानाही तोच फोटो उघडून बसत होतो. रेखाने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "नुसता धुमसू नको. फोन लाव."

"काय सांगू? तुमचा पोरगा हरायला ठेवला होता म्हणून सांगू?"

"ते तुला माहीत आहे. त्यांना माहीत नाही. ती पोरं त्यांच्या शब्दावर चाललीत, तुझ्या नाही."

फोन लावला. अण्णा खाटेवर टेकून बसले होते, कानाला मफलर. म्हणाले, "बोल पैलवान. उद्घाटनाला कधी येतोय?"

मी सांगितलं. लाल कोपरा, निळा कोपरा, गुरुवारचा फोन, तिकिटं कोणाच्या नावावर खपतात, गुण कोण देतो. स्कॅन सांगितला. किल्ली सांगितली. ते मध्ये एकदाच बोलले. "मग त्या गोऱ्याला उठवला नसता तर?"

"तर जिंकलो असतो."

"मी सांगितलं म्हणून उठवला?"

मला वाटतं, इतक्या वर्षांत मला राग कोणाचा येत होता ते मला त्या क्षणी कळलं, आणि तो राग त्या मफलरवाल्या माणसावर धरता येईना. मग मी म्हटलं, "अण्णा, तुमचं चुकलं नाही. जागा चुकीची होती."

अण्णांनी कानावरचा मफलर सोडला. मग म्हणाले, "जत्रेत रेडा आणतेत टकरीला, तसं केलं रं तुझं. आन नेणाऱ्याला मी चहा पाजला." एवढं बोलून त्यांनी आईला हाक मारली, "अगं, वॉकर दे. तालमीत जायचंय."

पुढचं आईने सांगितलं. अण्णा पोरांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, मी दिलेला शब्द मागे घेतो. वस्ताद शब्द मागे घेत नसतो, ही आमच्याकडची रीत. ती रीत त्यांनी वॉकर धरून, सगळ्यांदेखत मोडली. दोघा पोरांनी पासपोर्ट घरी नेऊन ठेवले. तिसरा, किरण, ऐकत नाहीये. तो म्हणतो, सोमाभाऊंना जमलं नाही म्हणून मला जमणार नाही असं कुठंय. त्याचा मला राग येत नाही, मी त्याच्या जागी हेच म्हटलं असतं. किरण, तू वाचत असशील तर ऐक. येणारच असशील तर विमानतळावर त्या सरांच्या गाडीत बसू नको. मी उभा असेन, मिकही येईल म्हणतोय. आमच्या गाडीच्या काचा उघड्या असतील. आणि पहिल्या लढतीआधी तुला एकच गोष्ट शिकवणार आहे, समोरचा पडला की कोपऱ्यात कसं जायचं.

परवा अण्णांनी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तालमीत फिरवायला सांगितला. चौकातलं होर्डिंग नव्हतं. कोणी काढलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. तालमीचा पत्रा एका बाजूने गळतो आणि माती ओली झाली की तिचे गोळे होतात, म्हणून हौदावर काहीतरी अंथरावं लागतं. या वेळी हौदावर एक मोठा पांढरा फ्लेक्स पसरलेला होता, चारही कोपऱ्यांना विटा.

"ओळखला का?" अण्णा म्हणाले.

"माझाच आहे ना?"

"तूच हायेस. पालथा घातलाय तुला. तोंड मातीत, पाठ वर. पाठ काय टेकू दिली नाय मी."

मागे पोरं हसली. दाराबाहेरून आईने विचारलं, जेवलास का. मी म्हटलं, जेवतोय. फोन ठेवल्यावर मी रेखाला म्हटलं, सुट्टीचा अर्ज टाकतो, शाल-बिल नको, तिकीट आपलं आपण काढू. ती म्हणाली, तिथे जाऊन काय करणार? मला पटकन शब्द सापडला नाही, मग मी हाताने दाखवलं. वाकायचं, चारी विटा काढायच्या, फ्लेक्स सरकवायचा, आणि अण्णांना काखेत हात घालून हौदाच्या काठावर बसवायचं. ते पडलेले असोत, नसोत. तिथे मला कोणी लेखी ताकीद देणार नाही.